चरख्याचे वय सांगणारे गाव

सेवाग्राम एक्सप्रेसमधून वर्धा स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांची पावले थेट आश्रमाच्या रस्त्याला लागतात. शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला धाम नदीच्या काठी विनोबांचे पवनार. ही दोन ठिकाणे पाहिली की वर्धा पाहून झाले, असे समजून लोक परतीची गाडी पकडतात. पण वर्धा शहरातच, मगनवाडीत, एक वास्तू आहे. तिथे तासभर थांबले नाही तर या यात्रेतली एक मोठी गोष्ट पाहायची राहून जाते. ती वास्तू म्हणजे मगन संग्रहालय.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याला नाव दिले गेले मगनलाल गांधींचे. गांधीजींचे हे पुतणे साबरमती आश्रमात चरख्याच्या सुधारणेमागे रात्रंदिवस लागलेले असत. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाजांनी आपली बाग त्या कामासाठी दिली. तिचीच पुढे मगनवाडी झाली. ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी याच आवारात बसून ग्रामोद्योगांचा संसार उभा केला.

संग्रहालयात वेगवेगळ्या प्रांतांतले, वेगवेगळ्या घडणीचे चरखे पाहायला मिळतात. कुणाचे चाक उभे, कुणाचे आडवे. कुणी पेटीत मिटून बसलेला, तर कुणाला लोखंडी रूळ लावलेले. पाहणारा थोडा वेळ थांबला की त्याला आपल्या घरचा चरखा आठवू लागतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत माळ्यावर, पोटमाळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेमागे एक चरखा असतोच. आजीचा, पणजीचा, नाहीतर स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या एखाद्या आजोबांचा. ‘हा गांधीजींच्या काळातला’ असे घरात सांगितले जाते. काही घरांत तर ‘यावर खुद्द बापूंनी सूत काढले होते’ इथपर्यंत कथा पोहोचलेली असते.

कथा खरी की खोटी, हे चरख्याला तोंडाने सांगता येत नाही. पण त्याचे वय तो सांगू शकतो. फक्त ते वाचता आले पाहिजे.

आकार जुना, वस्तू नवी

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की चरखा दिसतो तेवढा जुना असेलच असे नाही. उभ्या चाकाचा साधा चरखा आपल्या देशात शतकानुशतके चालत आला आहे. १३५० च्या सुमारास दख्खनमध्ये बहामनी सुलतानाच्या आश्रयाने इसामी नावाच्या कवीने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी इतिहासकाव्य रचले. त्यात चरख्याचा उल्लेख येतो. म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीही हे साधन लोकांच्या परिचयाचे होते!

या चरख्याची रचना अगदी सोपी. एका पाटावर दोन खुंट, त्यांच्यामध्ये आस, आसावर लाकडी आऱ्यांच्या दोन ओळी. आऱ्यांची टोके दोरीने एकमेकांना ताणून बांधलेली, आणि त्या दोरीवरून माळ फिरते. माळ पुढच्या बाजूला चातीला फिरवते. चाती म्हणजे लोखंडाची टोकदार सळई. एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्या हातातल्या पेळूमधून सूत ओढायचे. हिशेब सोपा आहे: चाक दोन फुटांचे आणि चातीवरची कप्पी अर्ध्या इंचाची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती सुमारे ४८ वेळा फिरते. सुताला पीळ बसतो तो या वेगामुळे.

गावच्या सुताराने केलेल्या अशा चरख्यावर ना नाव असते ना साल. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने जो घाट घडवला, तोच त्याच्या नातवानेही घडवला. पंजाबात लेकीला सासरी पाठवताना देत ते चरखे नक्षीचे, पितळी फुलांचे, रंगवलेले असत. त्यावरून प्रांत ओळखता येईल, पण साल नव्हे. म्हणून केवळ उभे चाक पाहून ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो घरातला वडीलधारा असो की जुन्या वस्तूंचा व्यापारी!

एक गमतीची गोष्ट या जागी सांगायला हवी. गांधीजींनी १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिले, त्या वेळेपर्यंत त्यांनी स्वतः चरखा पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. हे त्यांनीच आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. पुढे गंगाबेन मजमुदार नावाच्या धीट बाईंनी गुजरातभर हिंडून बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी चरखे शोधून काढले. तिथे ते घरोघरी माळ्यावर धूळ खात पडले होते. पेळू मिळाले तर सूत काढायला त्या घरच्या बायका तयार होत्या. म्हणजे माळ्यावरून चरखा खाली काढण्याची ही परंपरा काही आजची नाही.

येरवड्याची पेटी

चरख्याचे वय ठरवण्यात खरी मदत होते ती पेटी चरख्याची. पेटी उघडली की आत दोन चाके आडवी झोपलेली दिसतात, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या चाकाची मूठ फिरवली की त्याची माळ लहान चाकाला फिरवते आणि लहान चाकाची माळ चातीला. दोन टप्प्यांमुळे वेगाचा गुणाकार होतो. पहिल्या टप्प्यात चौपट आणि दुसऱ्यात पंधरापट वेग वाढला, तर मुठीच्या एका फेऱ्यात चाती साठ वेळा फिरते. दोन फुटांच्या चाकाचे काम हातभर पेटीत होते, ते असे.

हा चरखा जन्माला आला पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगाशी निगडित अशा काळात. १९३० नंतरच्या कारावासात गांधीजींना प्रवासात व कोठडीत सहज वापरता येईल असा सुटसुटीत चरखा हवा होता. त्यातून जो प्रकार रूढ झाला, त्याला नावच पडले ‘येरवडा चक्र’. याच रचनेचा, पण पेटीऐवजी उघड्या फळीवर बसवलेला, तो किसान चरखा.

यावरून एक पक्की खूण हाती येते. घरचा चरखा पेटीचा असेल, तर तो १९३० च्या आधीचा नाही. ‘१९२० च्या असहकारात पणजोबांनी याच पेटीवर सूत काढले’ असे कुणी सांगत असेल, तर पणजोबांचे सूत खरे असेल, पण पेटी मागाहून आलेली आहे.

शिक्के, आणे आणि स्क्रू

आता पेटी उलटी करून तिचे बूड पाहावे. बहुतेक लोक चाकाकडे पाहतात. खरा पुरावा बुडाला, झाकणाच्या आत आणि बिजागऱ्यांपाशी असतो.

अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना १९२५ मध्ये पाटण्याला झाली. स्वातंत्र्यानंतर तो सर्व सेवा संघात विलीन झाला. तेव्हा चरखा संघाचा शिक्का दिसला, तर वस्तू या दोन टोकांच्या मधली. खादी आणि ग्रामोद्योग आयोग कायद्याने आला १९५६ मध्ये आणि त्याचे काम सुरू झाले १९५७ पासून. आयोगाचे नाव किंवा चिन्ह असलेला चरखा त्याआधीचा असूच शकत नाही, मग घरातली कथा काहीही असो.

किंमत लिहिलेली असेल तर फारच उत्तम. रुपये आणि आण्यांत लिहिलेली किंमत म्हणजे बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची विक्री, कारण त्या दिवसापासून देशात दशमान नाणी, म्हणजे नवे पैसे, आले. तसेच सोबतच्या फाळक्याचे. जुन्या हिशेबात चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी असे. चरख्याबरोबर चार फूट घेराचा फाळका मिळाला, तर तो जुन्या मोजमापाच्या पिढीतला समजावा. पुढे मीटर आला आणि गुंडी हजार मीटरची झाली.

स्क्रूकडेही लक्ष द्यावे. डोक्यावर एकच सरळ खाच असलेला स्क्रू जुन्या कामात दिसतो. चौफुलीची खाच, प्लायवूड, नायलॉनची दोरी यांपैकी काही आढळले तर वस्तू बरीच अलीकडची असेल किंवा मागाहून दुरुस्त झालेली असेल. दोन्ही शक्यता मनात ठेवाव्यात. माळ आणि चाती यांवरून तर वय ठरवूच नये. माळ तुटते, चाती वाकते. चालता चरखा दर काही वर्षांनी हे भाग बदलून घेतो.

खोटा जुनेपणा ओळखायलाही एक उपाय आहे. खरा वापर सगळीकडे सारखा उमटत नाही. मूठ जिथे बोटांनी धरली जाते तिथे लाकूड गुळगुळीत होते, आसाच्या भोकाची झीज एका बाजूला जास्त असते, पाटाची जमिनीला टेकणारी कड घासलेली असते. कोपऱ्यातल्या, हात न पोहोचणाऱ्या जागा मात्र खडबडीतच राहतात. सगळीकडे एकसारखा काळा रंग आणि एकसारखे ओरखडे दिसले, तर ते काळाचे काम नव्हे, कारागिराच्या ब्रशचे समजावे.

लाखाचे बक्षीस आणि अंबर

चरखा अधिक सूत कसा देईल, हा प्रश्न त्या काळी सर्वांनाच सतावत होता. १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळचे लाख रुपये! आपल्या किर्लोस्करवाडीतूनही एक यंत्र त्या परीक्षेला गेले. पण अटी कडक होत्या. खेड्यातल्या बाईला घरी चालवता यावे, दुरुस्त करता यावे, किंमत आवाक्यात असावी, आणि सूतही भरपूर निघावे. बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांनी उलट्या दिशेने विचार केला आणि धनुष्याने फिरणारी स्वस्त ‘धनुष तकली’ केली. साताऱ्याकडच्या औंध संस्थानातल्या ग्रामराज्याच्या प्रयोगातही हे गृहस्थ होते.

अखेर तामिळनाडूतल्या एकंबरनाथन यांनी घडवलेल्या चरख्याने बाजी मारली. त्यांच्या नावावरूनच त्याला ‘अंबर’ म्हणतात. यात पेळू हाताने ओढायचा नसतो. रूळ तो ओढतात आणि गिरणीच्या धर्तीवर एकाहून अधिक चात्यांवर एकदम सूत निघते. १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याला पाठिंबा दिला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तो गावोगाव पोहोचला. तेव्हा रूळ आणि अनेक चात्या असलेला चरखा दिसला, की तो स्वातंत्र्यानंतरचा. त्यावर गांधीजींनी सूत काढणे शक्यच नाही.

कथा आणि नोंद

हे सगळे वाचून कुणी विचारील, एवढ्या खटाटोपाने काय साधते? त्याचे एक उत्तर इंग्लंडमधल्या लिलावात मिळाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे येरवडा प्रकारचा एक चरखा १,१०,००० पौंडांना विकला गेला. तो गांधीजींनी अमेरिकन मिशनरी फ्लॉइड पफर यांना दिल्याचा इतिहास त्याच्यासोबत नोंदलेला होता. तशाच घडणीच्या पेट्या भारतात कितीतरी घरांत आहेत. फरक लाकडाचा नव्हता, नोंदीचा होता.

आपल्या घरच्या चरख्याला लाखाचे मोल येणार नाही आणि यायची गरजही नाही. पण त्याची नोंद मात्र अजून करता येते. तो वापरणारी आजी हयात असेल, तर तिला आजच विचारावे. चरखा कुठून आणला? कुणी शिकवले? सुताचे काय केले? लुगडे विणून आणले, की गुंड्या भांडारात दिल्या? तिचे शब्द तारखेसह वहीत उतरवावेत आणि ती वही चरख्याजवळच ठेवावी. लाकडाला पॉलिश पेपर लावू नये, वॉर्निश चढवू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, एवढे पुरे. एका दिवसाच्या हौशी सफाईत शिक्का, किंमत आणि बोटांनी आणलेली झळाळी, तिन्ही जातात. त्यांच्याबरोबर चरख्याची जीभही जाते.

मगनवाडीतून निघून प्रवासी सेवाग्रामला पोहोचतो, तेव्हा बहुधा संध्याकाळ झालेली असते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा अजून पाहायला मिळतात. आश्रमात आजही सूतकताई होते आणि मोकळ्या आकाशाखाली प्रार्थना होते. इथे चरखा काचेमागची वस्तू राहत नाही. चाक फिरते, सूत लांबते, तुटते, पुन्हा जोडले जाते.

घरी परतल्यावर माळ्यावरचा चरखा खाली काढावा. तपासून पाहता तो गांधीजींच्या हातचा नव्हे, १९५८ साली खादी भांडारातून आजीने पैसे साठवून घेतलेला निघाला, तर वाईट वाटून घेऊ नये. बापूंच्या नावाची एक कथा गेली, पण आजीची खरी कथा हाती आली. तिच्या मुठीची झीज त्या लाकडावर स्पष्ट दिसते. तेवढा पुरावा दुसऱ्या कुणाच्या सहीपेक्षा घरच्यांना अधिक मोलाचा वाटायला हवा.