तुरीच्या धुळीत

तुरीचा हंगाम भरात आला की दुधनीच्या आडत बाजारातली हवाच धुळकट होते. चाळण्या चालू असतात, पोती रिती होतात, मराठी आणि कानडी एका दमात बोलणारी माणसं भावासाठी आवाज चढवतात. या गलक्यात कुणी ना कुणी खोकत असतंच. ‘धूळ गेली घशात,’ म्हणायचं आणि पुढचं पोतं पाठीवर घ्यायचं. क्षयातून उठल्यापासून या बाजारात मला सगळ्यांत आधी ऐकू येतो तो खोकला.

मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस विरक्त होतो म्हणतात. माझी तर ओढ वाढली. पहाटे वाडीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी, कडक भाकरी मोडतानाचा कुरकुरीत आवाज, शेंगाचटणीतल्या लसणाचा वास. तोंडाची चव गेली तेव्हा हे सारंच दूर गेलं होतं. परतलं ते हळूहळू, एकेक करून. आता सकाळी श्वास घेतला की तो कुठेही न अडकता छातीच्या तळापर्यंत जातो. या एवढ्याशा गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही. ओसरूही नये.

उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. रात्री रडू यायचं, तेही औषधाचा रंग घेऊन. काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि तिथेच पुष्कळ जण गोळ्या सोडतात. जंतू मात्र आत दबा धरून असतात. आशाताई दारात येऊन गोळ्यांचं पाकीट पाहायच्या, रिकामी घरं मोजायच्या, मगच पुढे जायच्या.

त्या दिवसांत आनंदीबाई जोशी फार आठवायच्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत क्षयानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्याला मारणारं औषध हाती यायला १९४०चं दशक उजाडावं लागलं. ज्या विद्येसाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या, ती त्यांच्या उपयोगी पडली नाही. आणि दुधनीत खाटेवर पडलेल्या मला तिचं फळ फुकट मिळालं. यात माझी पुण्याई काहीच नाही. मी उशिरा जन्मलो, इतकंच. हे उमजलं तेव्हापासून उरलेलं आयुष्य मला एकट्याचं वाटत नाही.

घरचे म्हणायचे, बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय. मी बोललो. पोरीचं लग्नही झालं. आता बाजारात एखादा हमाल दम खात टेकला की शेजारी बसतो, कानडीत ‘आराम अदीरी?’, म्हणजे बरे आहात ना, विचारतो आणि माझ्या गोळ्यांची गोष्ट सांगतो.

तुम्हालाही सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो धुळीच्या खात्यावर टाकू नका. थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणीही मोफत आहे, गोळ्याही. आणि गोळ्या सुरू झाल्या, तर बरं वाटलं तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत सोडू नका.