सिगारच्या पेटीला तारा बांधणाऱ्यांचा मुलूख

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. त्याच्या वायव्य भागात, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधे, गाळाच्या सुपीक जमिनीचा एक सपाट पट्टा पसरला आहे. तिथले लोक त्याला 'डेल्टा' म्हणतात. नदी समुद्राला मिळते ती ही जागा नव्हे. समुद्र इथून खूप दूर आहे. पण जगभर 'ब्लूज' या नावाने ओळखले जाणारे काळ्या माणसांचे गाणे ज्या मातीत वाढले, ती ही माती. हे गाणे गाणाऱ्या कित्येकांच्या हातातले पहिले वाद्य दुकानातून आलेले नव्हते. ते सिगारच्या रिकाम्या पेटीचे, नाही तर घराच्या भिंतीवर ठोकलेल्या एका तारेचे होते. हा मुलूख डोळ्यांनी पाहावा म्हणून आम्ही निघालो.

मेम्फिस शहर मागे टाकून 61 क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला लागले की दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर शेतेच शेते. ना डोंगर, ना टेकडी. आता इथे कापसाबरोबर सोयाबीन, मका आणि भातही होतो आणि बहुतेक कामे यंत्रे करतात. एकेकाळी मात्र इथे कापसाचेच राज्य होते आणि तो वेचणारे हात काळ्या माणसांचे होते. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. जमीन मात्र मालकाकडेच राहिली. कालचा गुलाम आज अर्धेलीने शेती करू लागला. घर मालकाचे, खेचर मालकाचे, बियाणे मालकाचे आणि उधारीचे दुकानही पुष्कळदा मालकाचेच. वर्षाच्या शेवटी हिशेब व्हायचा, तोही मालकाच्याच वहीत. कष्ट करणाऱ्याच्या हाती बहुधा शिल्लक कर्जच यायचे. वाचकहो, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

अशा घरातल्या पोराला वाजवायची हौस झाली तर त्याने काय करावे? बाप गिटार कोठून आणणार? तेव्हा उपयोगी पडली ती टाकून दिलेली पेटी. त्यामागे सरकारी कराची गंमत आहे. 1860 च्या दशकात अमेरिकी सरकारने सिगारवर कर बसवला आणि सिगार ठरावीक संख्येच्या पेट्यांतूनच विकण्याची सक्ती केली. एकदा रिकामी झालेली पेटी पुन्हा सिगारसाठी वापरायला मनाई होती. त्यामुळे हलक्या लाकडाच्या, नीट सांधलेल्या रिकाम्या पेट्या गावोगाव सहज मिळू लागल्या. श्रीमंताचा धूर विरून जायचा आणि पेटी गरिबाच्या पोराकडे यायची. एडविन फोर्ब्स या चित्रकाराच्या 1876 सालच्या एका चित्रात यादवी युद्धातला सैनिक सिगारच्या पेटीचे व्हायोलिन वाजवताना दिसतो. म्हणजे ही युक्ती चांगलीच जुनी आहे, आणि ती काळ्या-गोऱ्या दोन्ही गरिबांनी वापरली.

रचना अगदी सोपी. पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना खाचा पाडायच्या आणि त्यांतून एक सरळ काठी आरपार घालायची. झाकणाला काठीचा दाब बसू द्यायचा नाही, कारण आवाज झाकणाच्या थरथरीतूनच येतो. झाकणावर घोडी म्हणून एक जाड बोल्ट ठेवायचा, काठीच्या वरच्या टोकाला दुसरा. त्या दोहोंवरून तीन तारा ओढून खुंट्यांना बांधायच्या. पूर्वी खिडकीच्या जाळीची किंवा झाडू बांधायची तार काढून वापरत. आज बहुतेक जण तारा लावतात त्या आपल्या भाषेत सांगायचे तर सा, प आणि वरचा सा अशा. काठीवर पडदे नसले तरी चालते. डाव्या हाताच्या बोटात बाटलीची गुळगुळीत केलेली मान घालून ती तारेवरून सरकवायची, की सूर रडल्यासारखा, बोलल्यासारखा वर-खाली होतो. दोन बोल्टांमधली तार 25 इंच असेल तर वरच्या बोल्टापासून साडेबारा इंचांवर, म्हणजे बरोबर मध्यावर, वरचा सा मिळतो; आणि एक तृतीयांशावर, म्हणजे सव्वाआठ इंचांच्या किंचित पुढे, पंचम मिळतो. हे गणित शाळेत न गेलेल्या पोरांनी कानाने सोडवले.

ज्यांना पेटीही मिळत नसे ते झाडूची तार घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमधे ताणत. तारेखाली बाटली किंवा दगड खोचला की झाले. सगळे घरच त्या वाद्याचा भोपळा व्हायचे. याला 'डिडली बो' म्हणतात. अभ्यासक त्याचे मूळ आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांत शोधतात. आपल्याकडचे तुणतुणे आठवा. लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी आणि एक तार. तेवढ्यावर तमाशा उभा राहिला, पोवाडा उभा राहिला, जलसा गावोगाव फिरला. दोन देशांतल्या गरिबांनी एकमेकांना न विचारता सारखीच वाट काढली, याचे आम्हाला मोठे नवल वाटले.

मेम्फिसहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर क्लार्क्सडेल गाव लागते. 1979 साली स्थापन झालेले 'डेल्टा ब्लूज म्युझियम' आता इथल्या रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे. त्यात एक झोपडीवजा घर आणून उभे केले आहे. सुप्रसिद्ध गायक मडी वॉटर्स जवळच्या स्टोव्हल मळ्यावर मजुरी करत असताना या घरात राहायचा. 1941 साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी त्याची गाणी याच मळ्यावर ध्वनिमुद्रित झाली आणि 1943 साली तो मळा सोडून शिकागोला गेला. पुढे बिली गिबन्स या प्रसिद्ध वादकाने या घराची एक फळी घेऊन तिची गिटार करवली आणि ती संग्रहालयाला दिली. ज्या भिंतींना तारा ठोकून पोरे सूर शोधत होती, तसल्याच एका भिंतीची फळी शेवटी गिटार झाली!

याच मडी वॉटर्सने आपली पहिली खरी गिटार कशी घेतली, ते सांगून ठेवले आहे. घरातला शेवटचा घोडा त्याने सुमारे 15 डॉलरला विकला, निम्मे पैसे आजीच्या हातावर ठेवले आणि उरलेल्यांतून अडीच डॉलरची गिटार घेतली. ती शिकागोच्या टपालाने माल धाडणाऱ्या कंपनीची होती.

ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आज अमेरिकेत आणि इतर देशांतही सिगार-पेटीची गिटार हौसेने बनवली जाते, तिचे सुटे भाग विकत मिळतात, तिचे मेळे भरतात. हौसेला आमचा विरोध नाही. क्लार्क्सडेलच्या परिसरातलाच सुपर चिकन या नावाने गाजलेला वादक लहानपणी भिंतीच्या तारेवर शिकला आणि पुढे पेट्रोलच्या डब्यांच्या, सिगारच्या पेट्यांच्या रंगीबेरंगी गिटारी घडवू लागला. ती खरी कारागिरी आहे. परंतु कोणी म्हणू लागले की गरिबीतच गोडवा होता, तर ते आम्हाला मान्य नाही. पेटी वाजवणाऱ्या त्या पोरांना पेटीतच राहायचे नव्हते. संधी मिळताच त्यांनी खरी गिटार घेतली.

टेक्सासमधल्या ब्लाइंड विली जॉन्सनला पाच वर्षांचा असताना बापाने सिगारच्या पेटीची गिटार करून दिली होती. त्याचे 1927 सालचे एक ध्वनिमुद्रण 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेले. स्वतः जॉन्सन मात्र 1945 साली दारिद्र्यातच मरण पावला. त्याचा सूर ताऱ्यांकडे निघाला, पण जिवंतपणी त्याला धड घर मिळाले नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत.

परतीच्या वाटेवर आम्ही डेल्टाच्या कडेला होम्स परगण्यातल्या एबनीझर गावाजवळच्या दफनभूमीत गेलो. तिथे लॉनी पिचफर्ड विसावला आहे. 1955 साली जन्मलेल्या या वादकाने भिंतीवरची एकतारी वाजवत ठेवली, तिला वीजही जोडली आणि वयाच्या 43 व्या वर्षी, 1998 साली, तो गेला. त्याच्या घरच्यांच्या इच्छेप्रमाणे त्याच्या समाधीच्या दगडावर खरीखुरी वाजणारी एक तार बसवलेली आहे. येणाऱ्याने छेडावी, बाटली सरकवावी. मळ्यावरचे घर मालकाचे होते, खेचर मालकाचे होते. तार मात्र त्याची होती, आणि ती अजून त्याचीच आहे.

माता-भगिनींनो, बंधूंनो, घरातले एखादे मूल डबा वाजवू लागले तर त्याच्यावर ओरडू नका. सुटीच्या दिवशी जवळ बसून लाकडी खोक्याला किंवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला काठी लावून द्या. सुटी तार वाद्यांच्या दुकानात मिळते. ताणताना तोंड तारेपासून लांब ठेवा, तुटली तर डोळ्याला लागते. आणि मुलाच्या बोटांना सूर सापडला, की महिन्याच्या खर्चातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याला खरे वाद्य आणि शिकवणारा गुरू मिळवून द्या. खोक्यावर सुरुवात व्हावी, पण आपले लेकरू खोक्यावरच थांबू नये.