बाबांचा उजवा हात

लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायचे झाले, की बाबा आम्हां भावंडांपैकी कोणाला तरी हाक मारीत. लष्करी गाड्यांची अवजड इंजिने उतरवून पुन्हा चढविण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांना एक झाकण उघडता येऊ नये, याचे आम्हांला लहानपणी हसू येई. पुढे वाडीत केळींना माती ओढताना ते फावडे मध्येच टाकून बांधावर जाऊन बसत, तेव्हा हसण्याची जागा कुरकुरीने घेतली. ‘फौजेत हुकूम सोडायची सवय लागली आहे,’ असे आम्ही आपसांत म्हणत असू. ते शब्द आज आठवले, की आमची मान खाली जाते.

बाबा १९७६ साली सैन्यात भरती झाले ते वाहन-दुरुस्तीच्या कामावर. १९८८ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील एका ठाण्यावर ट्रकमधून सुटे भाग उतरविताना त्यांचा पाय घसरला. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे करतो. त्यांच्या देहाचा सारा भार उजव्या तळहातावर आला. तपासणीत हाड मोडल्याचे दिसले नाही. मनगट मुरगळले आहे, असे समजून पट्टी बांधण्यात आली आणि काही दिवसांनी बाबा पुन्हा पान्हे हाती घेऊन कामाला लागले.

मनगटात अंगठ्याच्या मुळाशी नावेच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. हात टेकून पडल्यावर मनगटातील लहान हाडांपैकी बहुधा तेच मोडते. पण सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ही चीर पुष्कळदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मागील खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते. या हाडाला रक्ताचा पुरवठा एका टोकाकडून उलट दिशेने होतो. त्यामुळे मोड दुर्लक्षित राहिली, तर आतला तुकडा रक्तावाचून मरू शकतो, हाड सांधत नाही आणि पुढे सांधा झिजत जातो. बाबांचे नेमके हेच झाले. काही महिन्यांनी मोड उघडकीस आली, प्लास्टर घातले गेले. परंतु वेळ निघून गेली होती. त्यांची वैद्यकीय श्रेणी खाली उतरली आणि मुठीतला जोर गेला तो कायमचा.

१९९३ साली सतरा वर्षांची सेवा पूर्ण करून ते घरी आले. निवृत्तीच्या वेळी बसलेल्या वैद्यकीय मंडळाने वीस टक्के अपंगत्व मान्य केले. पण त्याखाली एक ओळ लिहिली: हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही. अपघाताचा अहवाल कागदपत्रांत सापडला नव्हता. त्या एका ओळीवर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळला गेला. बाबांनी अपील केले, तेही चार ओळींच्या पत्राने परत आले. तेव्हा त्यांनी सारे कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

२०१५ साली आई दुसराच कुठला कागद शोधत असताना ती पत्रे आमच्या हाती लागली. आम्ही बाबांना विचारले, “एवढे झाले, आणि आम्हांला कधी बोलला नाहीत?” ते म्हणाले, “सरकारने लिहून दिलं, की मी खोटं बोलतो. मग पोरांना काय सांगायचं?” आम्हांला उत्तर सुचले नाही, कारण सरकारइतकेच आम्हीही त्यांना खोटे ठरविले होते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी आम्हांला वाट दाखविली. पूर्वी अशा प्रकरणी उच्च न्यायालयात जावे लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून त्याचे काम सुरू झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. वकिलांनी बाबांचे कागद चाळले आणि पहिला प्रश्न केला, “भरतीच्या वेळच्या तपासणीत हात चांगला होता ना?” बाबांनी मान हलविली. “मग अहवाल हरवला, हा तुमचा दोष नाही.”

१९८२ च्या नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी एखाद्या व्याधीची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असे धरावयाचे असते. सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही. रास्त शंका असेल, तर तिचा लाभ त्यालाच द्यावयाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी असेल, तर सामान्यतः काही मिळत नाही. वीस टक्के वा अधिक, पण पन्नास टक्क्यांहून कमी अपंगत्व मात्र पन्नास टक्के धरून लाभ देण्याची तरतूद आहे. ही तरतूद आधी सेवेतून अपंग म्हणून काढलेल्यांपुरती होती. २०१४ च्या राम अवतार निकालाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली.

आईने जपून ठेवलेले एक आंतर्देशीय पत्र आम्ही पुराव्यासाठी नेले होते. अक्षर बाबांचे नव्हते. ‘हात प्लास्टरमध्ये असल्याने सोबत्याकडून लिहवून घेत आहे, काळजी करू नये,’ एवढाच त्यात खुलासा होता. वकिलांनी ते वाचले आणि परत केले. न्यायाधिकरणाला त्याची गरज नव्हती. गरज आम्हांला होती.

२०१७ साली निकाल बाबांच्या बाजूने लागला. थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार उशिरा आलेल्यांना ती तेव्हा सामान्यतः एवढीच मिळत असे. जवळजवळ एकोणीस वर्षांचे पैसे मौनात बुडाले. बाबांनी रकमेविषयी विचारलेच नाही. ‘सेवेमुळे उद्भवलेले’ हे शब्द जेथे होते, ते वाक्य त्यांनी आमच्याकडून दोनदा वाचून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता कागद ट्रंकेत ठेवू नका. बाहेर कपाटात ठेवा.”

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतून फौजेत गेलेली माणसे आहेत. रविवारच्या मिस्सानंतर ती आपल्याशी हसून बोलतात. हात दुखतो, हे सांगत नाहीत. त्यांच्या घरच्यांनी एकदा तरी जुने कागद पाहावेत. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, श्रेणीच्या नोंदी, नाकारल्याचे पत्र, यांतले काहीही टाकून देऊ नये आणि विलंब तर मुळीच करू नये. २०२३ साली नवे नियम आले आहेत, तेव्हा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनी आपल्याला कोणते नियम लागतात, हे आधी विचारून घ्यावे.

आणि कागद पाहण्यापूर्वी त्या माणसाजवळ जरा बसावे. न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. घरच्यांनी मनात दिलेल्या निकालावर अपील कोठे करावे? बाबांनी ते कधी केले नाही. आता बरणीचे झाकण आम्ही हाक येण्यापूर्वीच सैल करून ठेवतो. ते पाहतात, काही बोलत नाहीत, आणि डाव्या हाताने फोड काढून घेतात.