हंगामात जँगो

हापूसचा हंगाम आणि जँगोचं वेळापत्रक यांचं काहीतरी वाकडं आहे. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते. पण जिला तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात ती लांब पल्ल्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी आणि नेमकी एप्रिलमध्ये येते: ३.२ एप्रिल २०२१ला, ४.२ एप्रिल २०२३ला, ५.२ एप्रिल २०२५ला. जुन्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीला वाऱ्यावर सोडतात तेही एप्रिलातच. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत वेबसाइट बांधायचं हे फ्रेमवर्क जन्मलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. आमच्या केळशीत एप्रिल-मे म्हणजे काय, याची चौकशी तिथल्या कुणी करायची नव्हती. ती मी करायची होती.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची किनारपट्टी झोडपली, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि बरीच कलमंही गेली. उरलेल्या कलमांचा आंबा दलालाला न देता थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवावा, असं काकांच्या मनात आलं. मागणी घेण्यासाठी मी जँगो ३.२ वर एक छोटी साइट लिहिली. डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइटची एक फाइल. एवढ्याशा पसाऱ्याला तेवढं पुष्कळ होतं.

एप्रिल २०२४मध्ये ३.२ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. शहाण्याने ४.२ घेतली असती. तिला एप्रिल २०२६पर्यंत आधार होता. मी ५.० घेतली. ती आदल्या डिसेंबरात आली होती आणि तिची मुदत जेमतेम एप्रिल २०२५पर्यंतची. मला भुरळ पडली ती एका सोयीची: अ‍ॅडमिनच्या यादीत प्रत्येक गाळणीपुढे आकडा दिसतो. चार डझनी पेट्या किती, पाच डझनी किती, पुण्याच्या किती, हे काकांना एका नजरेत दाखवायचं होतं. प्रकाशन-टिपणांतला नव्या सोयींचा भाग मी चवीने वाचला. त्याखाली मागच्याशी न जुळणाऱ्या बदलांची यादी होती, तिथे पोचण्याआधीच खिडकी बंद केली. ४.०, ४.१ आणि ४.२ची टिपणं तर उघडलीच नाहीत. ज्या पायऱ्यांवर आपण थांबणार नाही त्यांचं वाचायचं कशाला, असा माझा हिशेब. एकेक आवृत्ती चढत जा आणि वाटेतले इशारे बघा, असं जँगोच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

महालक्ष्मीचा चैत्रातला उत्सव आटोपला होता, १० मेची अक्षय्य तृतीया तोंडावर होती. अशा वेळी एका रात्री मी ५.० चढवली. लॅपटॉपवर सगळं सुरळीत होतं. सर्व्हरवरही पानं उघडली, यादी दिसली, आकडे दिसले. मी खुशीत झोपलो. प्रत्येक पान मी उघडून पाहिलं, पण मागणीचा फॉर्म एकदाही भरून पाठवला नाही.

सकाळी एकही मागणी नव्हती. केळशीत रेंजला दोष देणं सोपं असतं, म्हणून मी तो दिला. दुपारी पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: “अहो, तुमची साइट मला मनाई आहे म्हणते. आम्ही काय केलं?”

झालं होतं असं. फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला हे ब्राउझर कळवतो आणि ४.० पासून जँगो ते तपासतं. माझ्या सर्व्हरवर कुलूपबंद एचटीटीपीएस फक्त पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब-सर्व्हरपर्यंत. तिथून आत जँगोपर्यंत साधं एचटीटीपी. जँगोला वाटत होतं आपण साधे, आणि फॉर्म सांगत होता मी एचटीटीपीएसहून आलो. पत्ते जुळेनात, म्हणून प्रत्येक फॉर्म परका ठरला आणि ४०३. लॅपटॉपवर दोन्हीकडे साधंच असल्यामुळे तिथे कळायला मार्ग नव्हता. एनजिनएक्सने पाठवलेल्या खुणेवर विश्वास ठेव, असं सांगणारी एक ओळ पुरेशी होती. घाईत मी ती शोधली नाही, तपासणीच बंद करून टाकली. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर घेणारी साइट त्या दुपारभर तशीच उघडी होती. हे काकांना अजून माहीत नाही.

पण खरा घोळ वेळेचा. साइट लिहिताना यूटीसी या जागतिक वेळेची कटकट नको म्हणून मी सेटिंगमधली ‘यूज टीझेड’ची ओळ खोडली होती. ती नसली की जुनं जँगो स्थानिक वेळ जशीच्या तशी साठवायचं. ५.० मध्ये ओळ नसण्याचा अर्थ उलटा झाला: साठवलेली वेळ यूटीसी आहे असं धरायचं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे संध्याकाळी सातची मागणी रात्री साडेबाराची, अर्थात दुसऱ्या तारखेची. आमची भरणी तारखेवर चालते. कालच्या मागण्या आज पेटीत भरून संध्याकाळच्या टेम्पोत जातात. शहरातली माणसं ऑफिसातून घरी आल्यावर आंबे मागवतात, त्यामुळे नेमक्या त्याच मागण्या एक दिवस मागे पडल्या. काही पेट्या अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. या बदलाचा इशारा चौथ्या मालिकेत आधीपासून होता, पण पायथन असले इशारे एरवी लपवून ठेवतो, आणि ते उघडे करून चाचण्या चालवायला मुळात चाचण्या लिहिलेल्या लागतात.

मग मी दुरुस्ती केली, आणि ती मूळ चुकीपेक्षा वाईट निघाली. यादीच्या पानावर साडेपाच तास वजा केले. जुन्या मागण्या बरोबर झाल्या, पण चढवल्यानंतर आलेल्या नव्या मागण्या खऱ्याच यूटीसीत साठत होत्या, त्या आता साडेपाच तास मागे गेल्या. एकाच रकान्यात दोन जातींच्या वेळा, आणि त्यांना वेगळं करणारी खूण म्हणजे फक्त मागणीचा क्रमांक. म्हणून पानावरची वजाबाकी काढली आणि अमुक क्रमांकाच्या आधीच्या वेळा फाइलीतच साडेपाच तास मागे घेणारी आज्ञा दिली. मधेच जोडणी तुटली. चालली की नाही कळेना, म्हणून परत दिली.

दोन्ही वेळा चालली होती. तारखा बहुतेक जुळत असल्याने भरणीत काही बिघडलं नाही, आणि मला पत्ता लागला तो जूनमध्ये हिशेब करताना. पहाटे साडेतीनला आंबे मागवणारी इतकी माणसं पुण्यात असतील असं मला वाटत नव्हतं. नशिबाने चढवण्याआधीच्या रात्री फाइलीची एक प्रत काढून ठेवली होती. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून घडलेली शहाणपणाची गोष्ट ही एवढीच. तिच्यातून जुन्या वेळा परत आणल्या.

बाहेर पडायचा दुवाही ५.० पासून मोडला होता, कारण आता त्यालाही फॉर्मच लागतो. ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. काका कधी लॉगआउट करतच नाहीत.

५.२ आली २ एप्रिल २०२५ला. त्याबरोबर ५.०चीही मुदत संपली. मी पावसाळ्यापर्यंत थांबलो. हंगाम संपल्यावर मागणीचा फॉर्म बंद केला, आधी ५.१ आणि मग ५.२ चढवली, दोन्ही वेळा इशारे उघडे ठेवून. चाचण्या आता आहेत, थोड्याच आहेत, पण त्यांतली पहिली फॉर्म भरून पाठवते. मधले दोन महिने साइट आधार सुटलेल्या आवृत्तीवर चालली, ही जोखीम मी जाणून घेतली. ती बरोबर होती असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

उशिरा पेट्या मिळालेल्या घरांना काकांनी स्वतः फोन केले. त्यांतल्या एका आजींनी पुढच्या वर्षी साइट उघडलीच नाही, फोनवर दोन पेट्या सांगितल्या. काका आता साइटवरची प्रत्येक मागणीही वहीत उतरवतात, वेळेसकट. मी हरकत घेत नाही.