ह्याला तब्येत सुधारली म्हणू नका

ती. अक्कास,

तुझा धाकटा बाजारात दिसला की जिंतूरची माणसं दोनच वाक्यं बोलतात. कुणी म्हणतं, "तब्येत सुधारली की!" कुणी म्हणतं, "नुसता बसून खातो." दोन्ही चूक. कानात येणारे आवाज थांबले, रात्रीची झोप लागली, ही त्याची सुधारणा. पोटाचा घेर वाढला तो स्किझोफ्रेनियासाठी चालू असलेल्या ऑलान्झापिन या गोळीमुळे. त्यावरून पोराला बोलणं हा अन्याय आहे.

1952 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि त्याच दशकात रुग्ण जाड होत असल्याच्या नोंदी झाल्या. पुढे आलेल्या औषधांत क्लोझापिन आणि ऑलान्झापिन या बाबतीत सर्वांत वाईट. मेंदूत हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांची जी कामं ही औषधं अडवतात, त्यांत भूक आवरण्याचं कामही येतं. भरपेट भाकरी खाऊन तासाभरात तो डबे उघडतो, ते चोचले नव्हेत. भूक खरी असते.

अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या सुमारे 1,500 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. ऑलान्झापिन घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सरासरी 0.9 किलो वाढत होतं. मात्र रुग्णांनी सर्वांत जास्त काळ चालू ठेवलेली गोळीही तीच होती. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून ती परस्पर बंद करू नकोस. आजार उलटला तर गेलेलं सगळं पुन्हा कमवावं लागतं.

कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पुण्यात स्किझोफ्रेनियाबद्दल जागृती करणारी 'सा' ही संस्था उभी केली. 2004 मध्ये याच आजारावरचा 'देवराई' हा चित्रपट आला. मराठी घरांत स्किझोफ्रेनिया हा शब्द उच्चारला जाऊ लागला. वाढलेल्या वजनाबद्दल मात्र अजून कुणी नीट बोलत नाही, आणि कित्येक तरुण पोरं त्याच लाजेपायी गुपचूप गोळ्या टाकून देतात.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, ही जुनी मनोरुग्णालयं जिंतूरपासून लांब. पण वजनाचा काटा आणि शिंप्याची टेप गावातच आहे. औषध सुरू होताना, मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजन घ्यायचं असतं. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत हवी. उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी सुरुवातीला, तीन महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा तरी तपासायची. वजनाची वाढ पहिल्या काही महिन्यांतच झपाट्यानं होते, म्हणून "बघू पुढं" चालत नाही.

डॉक्टरांना स्पष्ट विचार: ॲरिपिप्राझोलसारखी कमी वजन वाढवणारी गोळी चालेल का? सोबत मेटफॉर्मिन देता येईल का? मधुमेहाच्या या गोळीनं अशी वाढ काही प्रमाणात रोखता येते. निर्णय त्यांचाच, पण प्रश्न आपण विचारायला हवा.

पुढच्या तारखेला वजनाच्या नोंदींची वही बरोबर ने. मधे काही अडलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, लाव. आणि त्याच्या ताटाकडे बघून घरात कुणी काही बोलणार नाही, एवढं आजच सगळ्यांना सांग.

तुझा,
भाऊ