संत्र्याच्या साली आणि नऊ डबे

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. "काका, ती चॉकलेटमधली संत्र्याची साल तुम्ही कशी केली होती, तेवढी कृती लिहून पाठवा ना. या दिवाळीत मला ऑफिसातल्या लोकांना द्यायची आहे." मी म्हटलं पाठवतो. लिहायला बसलो तर लक्षात आलं, की ही कृती साखरेपासून सुरू होत नाही, डब्यांपासून सुरू होते. त्याला माझा इलाज नाही. ज्यांना नुसती कृती हवी त्यांनी मधला भाग वाचावा.

आमची ही 2023 च्या पावसाळ्यात गेली. त्या वर्षी अर्थातच घरात फराळ झाला नाही. आपल्याकडे रीतच आहे, घरात कुणी गेलं की त्या दिवाळीत कढई चढवायची नाही, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. तसा तो आला. कुणी चकल्या, कुणी चिवडा, कुणी शंकरपाळे. मुलगी पुण्याहून आली होती, तिने सगळं काढून ठेवलं, डबे घासले, पुसले आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात एकात एक घालून ठेवून दिले. नऊ डबे. आठांवर नाव घातलेलं होतं, एकावर नव्हतं.

आता तुम्हाला सांगायला नको, डबा रिकामा परत करत नाहीत. अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घालून द्यावी, एवढं मला आईपासून माहीत होतं. पण नऊ घरी नऊ चमचे साखर घेऊन जायचं मला जमेना. ही असती तर तिने त्या डब्यांतून काय काय पाठवलं असतं, हे त्या नऊही घरांना ठाऊक होतं. मग आज देऊ, उद्या देऊ करत वर्ष गेलं. समोरच्या वहिनींची चकली ठेवायची पंचाईत होत असणार, पण त्या बिचाऱ्या कधी बोलल्या नाहीत. मी मात्र फडताळ उघडायचं टाळू लागलो.

2024 ची दिवाळी जवळ आली तेव्हा ठरवलं, आता पुरे. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, दुकानातून संत्रा बर्फीचे नऊ बॉक्स आणा आणि मोकळे व्हा." नागपुरात संत्रा बर्फी पावलोपावली मिळते. पण दुकानातला बॉक्स फोडून डब्यात भरायचा, हे मनाला पटेना. मग चिवडा करतो म्हटलं. त्यावर तिने निक्षून सांगितलं, "एकटे असताना तळण करायचं नाही." माझा स्वयंपाकघराशी संबंध चहापुरता. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात कधी जिरं कुठल्या डब्यात असतं ते पाहिलं नाही. त्यामुळे ती म्हणाली ते मुकाट्याने ऐकलं.

मार्ग नातीने काढला. ती अकरावीत आहे. व्हिडिओ कॉलवर बोलताना तिला मागे वर्तमानपत्रावर पसरलेल्या संत्र्याच्या साली दिसल्या. ही दरवर्षी त्या गच्चीवर वाळवायची, उटण्यात घालायला. मीही सवयीने वाळत घातल्या होत्या. उटणं कोण करणार होतं, याचा विचार केला नव्हता. नात म्हणाली, "आजोबा, ही साल साखरेत शिजवून चॉकलेटमध्ये बुडवतात. फ्रान्समध्ये त्याला ओरांजेत म्हणतात. तळायचं नाही काही नाही." मला एकदम पसंत पडलं. संत्रं आपल्या गावचं. भोसल्यांच्या काळात ते औरंगाबादेहून इकडे आलं असं आम्ही भूगोलाच्या तासाला सांगत असू, आणि 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता कृती.

पहिली गोष्ट, साल ताजी हवी. वाळलेली चालत नाही, हे मी एक दिवस वाया घालवून शिकलो. ती उकळली की चामड्यासारखी होते. ऑक्टोबरच्या अखेरीला अंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली होती. सालीवर अजून हिरवट झाक होती, पण त्याने बिघडत नाही. संत्री कोमट पाण्यात मीठ घालून चांगली चोळून धुवायची. साल चार फाकांत काढायची, आतले पांढरे धागे चमच्याने खरवडायचे, आणि करंगळीएवढ्या पट्ट्या कापायच्या. परदेशी कृतीत जाड सालीची संत्री धरलेली असतात, ती साल तीन-तीनदा पाणी बदलून उकळायला सांगतात. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ. तीनदा उकळली तर लगदा होतो. दोनदा पुरे. दर वेळी गार पाण्यापासून सुरुवात करायची, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं ठेवायची आणि पाणी फेकून द्यायचं. थोडा कडूपणा राहतो. तो राहू द्यावा, नाहीतर मग संत्रं कशाला, पेठा खावा.

दीड डझन संत्र्यांची साल उकळून निथळल्यावर जवळजवळ अर्धा किलो भरली. तेवढीच साखर घ्यायची आणि साल बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर पाऊण तास. पाक उकळू लागला की ढवळायचं नाही, ढवळलं की साखर पुन्हा दाणेदार होते. साल पारदर्शक दिसू लागली, पाक घट्ट झाला की उतरवायचं. मग पट्ट्या एकेक सुट्या करून जाळीवर पंख्याखाली दोन दिवस. घाई करायची नाही. ओली साल चॉकलेट धरत नाही. उरलेला पाक टाकू नका, लिंबू पिळून सरबत उत्तम होतं.

इथपर्यंत सगळं छान झालं. घरभर वास सुटला होता. कामाला येणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "सर, हे काय करून राहिले तुम्ही?" मला फार वर्षांनी पहिल्या नंबरात पास झाल्यासारखं वाटलं.

मग चॉकलेट आणायला सीताबर्डीला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कंपाउंड देऊ की कुव्हर्चर?" मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. त्यातला महाग तो द्या म्हटलं. भाव ऐकून हबकलो. तो म्हणाला, "सर, यंदा कोकोच महाग आहे." ते खरंच होतं. आयव्हरी कोस्ट आणि घानामधलं पीक त्या हंगामात पडलं होतं आणि जगभर कोकोचे भाव भडकले होते. हे दोन देश मी तीस वर्षं नकाशात दाखवले, पण त्यांचा माझ्या खिशाशी कधी संबंध आला नव्हता.

घरी येऊन चॉकलेट वितळवलं. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर वाडगं. पहिल्याच खेपेला झाकणाचं पाणी आत पडलं आणि सगळ्याचा कडक गोळा झाला. चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही. दुसऱ्या खेपेला नीट वितळलं, साली बुडवल्या, बटर पेपरवर मांडल्या. सुरेख दिसत होत्या. नरक चतुर्दशीला पहाटे उठून डबे भरायला घेतले तर सगळ्यांवर पांढुरका थर. मला वाटलं बुरशी. दिव्यांच्या दिवशी सकाळी सहा वाजता एक म्हातारा माणूस त्या ताटांसमोर उभा आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. हिला हाक मारावी असं वाटलं, म्हणजे जवळजवळ मारलीच.

नात उठल्यावर तिने सांगितलं, की ती बुरशी नव्हे. कोकोच्या लोण्याचे कण सहा तऱ्हांनी गोठतात, त्यातली पाचवी तऱ्हा तेवढी चकाकते आणि कट्कन तुटते. बाकीच्या तऱ्हांनी गोठलं की लोणी वर येऊन पांढरं दिसतं. खायला काही हरकत नाही, पण देण्यासारखं नाही. त्यासाठी तापमान सांभाळावं लागतं. कंपाउंडमध्ये दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, त्याला हे सोपस्कार लागत नाहीत. दुकानदाराचा प्रश्न मला तेव्हा कळला. शेजारच्या मुलाने मात्र ती पांढरी ताटं दोन दिवसांत संपवली.

भाऊबीज झाल्यावर तापमापी आणली आणि पुन्हा तीन डझन संत्री. काळं चॉकलेट आधी 45 अंशांच्या पुढे तापवायचं, 50 च्या वर न्यायचं नाही. मग 27-28 पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा 31-32 पर्यंत चढवायचं. आकडे लक्षात राहीनात, तेव्हा मी त्यांचा आमच्या गावचा हवामान-तक्ता केला : आधी नागपूरचा मे महिना, मग डिसेंबरची दुपार, मग दिवाळीची दुपार. शाळेत आम्ही मुलांकडून कमाल-किमान तापमापीच्या नोंदी ठेवून घेत असू, त्याची आठवण झाली. सोपी युक्ती अशी, की दोन भाग चॉकलेट वितळवायचं, खाली उतरवायचं, आणि एक भाग बारीक चिरलेलं थोडंथोडं त्यात घालत ढवळत राहायचं. त्या चिऱ्यांमधली नीट गोठलेली तऱ्हा बाकीच्यांना वळण लावते. वर्गात दोन शहाणी मुलं पुढे बसवतात तसं. काम रात्री करायचं, पंखा लावून. त्या रात्री दीड वाजला. सकाळी पाहिलं तर चकाकत होत्या. एक तोडली, आवाज आला.

दिवाळी संपली होती, पण तुळशीच्या लग्नापर्यंत दिवाळीच म्हणतात, त्या हिशेबाने मी वेळेत होतो. डब्यांच्या तळाशी कागद घालून साली भरल्या आणि निघालो. समोरच्या वहिनींनी डबा हातात घेतला, झाकण काढलं आणि काही न बोलता आत गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या. बहुतेक घरी असंच झालं. मी कृती सांगत बसलो, त्या ऐकत बसल्या. एका घरी सासूबाईंनी चघळून पाहिलं आणि कडू आहे म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

आठ डबे गेले. नवव्यावर नाव नव्हतं. मध्यम उंचीचा, झाकणाला एका बाजूने पोचा आलेला. गल्लीत पाच-सहा घरी दाखवला, सगळ्यांनी मान हलवली. शेवटी मागच्या गल्लीत हिच्या भिशीतल्या एक बाई राहतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी पोचा पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हा तर तुमच्याच घरचा आहे. 2022 च्या दिवाळीत वहिनींनी यात अनारसे पाठवले होते. त्या म्हणायच्या, याचं झाकण घट्ट बसते, अनारशाला हाच. माझ्याकडून द्यायचा राहून गेला होता, म्हणून मी त्यातच चिवडा भरून आणला."

मी काय बोलणार? हो, हो, विसरलोच, असं काहीतरी म्हणालो. विसरायला आधी माहीत असावं लागतं. दर दिवाळीला त्यातले अनारसे मी खाल्ले होते. डबा पाहिला नव्हता.

अर्ध्या साली त्यांच्याकडे ठेवल्या आणि डबा तसाच घेऊन घरी आलो. झाकण खरंच घट्ट बसतं, मला उघडायला दोन्ही हात लागले. उरलेल्या साली महिनाभर पुरवल्या, जेवणानंतर एक. डॉक्टरांना सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तर पुतणीबाई, कृती ही अशी. तीन डझन संत्री धर, आणि कुव्हर्चरच घे. तापमापी नवीन घ्यावी लागेल, माझी मला लागते. अनारशाचं पीठ आठ दिवस आधी भिजवतात की त्याहून जास्त, एवढं तुझ्या आईला विचारून मला कळव.