बहात्तर तास

१० नोव्हेंबर
क्रॉफर्ड मार्केटमधून कोरल ब्यूटी आणला. निळ्याजांभळ्या अंगावर मधोमध केशरी पट्टा, त्यावर उभ्या गडद रेघा. शास्त्रीय नाव सेंट्रोपायगी बायस्पिनोसा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत प्रवाळांच्या आसपास सापडतो.

दुकानदार पुढच्या टाकीकडे बोट दाखवत होता. "मॅडम, एकदम ताजा माल, कालच उतरलाय." कालच उतरलेला मासा मला नकोच असतो. मागच्या टाकीत आठवडाभर टिकलेला एक होता. "हा खातो का, दाखवा," म्हटलं. त्याने मायसिस, म्हणजे कोळंबीसारखं बारीक खाद्य टाकलं, माशाने खडकाआडून येऊन दोनदा टिपलं. पोट आत गेलेलं नाही, डोळे स्वच्छ, कल्ले लपलप हलत नाहीत. मग त्या टाकीतल्या पाण्याचा थेंब क्षारता मोजणाऱ्या माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला: १.०१९. समुद्राचं पाणी १.०२५ च्या आसपास असतं, पण बरीच दुकानं मुद्दाम कमी ठेवतात. मीठ वाचतं आणि काही परजीवींनाही थोडा आळा बसतो.

तिथूनच मुलाला फोन केला. गॅलरीतल्या टबात कालच मिठाचं पाणी कालवून ठेवलं होतं. आरओचं पाणी घालून ते १.०१९ वर आण, सांगितलं. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, खोकं मांडीवर आणि सीएसएमटीहून डोंबिवली.

घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवली, तापमान सारखं होण्यापुरती. मग उघडली आणि मासा लगेच टबात. पिशवीतलं पाणी मोरीत. थेंबथेंब पाणी सोडून तासभर सवय लावण्याची पद्धत मी इथे वापरत नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बऱ्याच अंशी अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया पुन्हा जहाल होतो. उघड्या पिशवीत तासभर ठेवणं म्हणजे त्याला त्यातच बुचकळून ठेवणं. त्यापेक्षा टबाचं पाणी आधीच दुकानासारखं करून घ्यावं.

११ नोव्हेंबर
रात्रभर पीव्हीसीच्या एल्बोमध्ये बसून होता. खाल्लं नाही. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर मी घाबरत नाही.

आई सकाळी गॅलरीत आल्या. "अगं, हॉलमध्ये एवढी चार फुटांची टाकी आणि त्याला बिचाऱ्याला टबात का?" टबात वाळू नाही, खडक नाही, फक्त हीटर, हवेचा दगड आणि दोन पाइप, हे बघून त्यांना आणखीच वाईट वाटलं. बारावीचा मुलगा फिजिक्स सोडून हीटरच्या वायरी लावत बसतो, हेही त्यांनी ऐकवलं.

हॉलमधल्या टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे, म्हटलं. हा काही घेऊन आला असेल तर आधी त्यांना लागेल. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण टबावर सावली हवी म्हणून जुनी चादर आणून दिली.

१३ नोव्हेंबर
पहिली बदली. सकाळी सातला दुसरा टब तयार: तेच तापमान, तीच क्षारता. मासा तिकडे, पहिला टब रिकामा करून घासला आणि गच्चीवर उन्हात कोरडाठाक वाळवला. हे दर बहात्तर तासांनी.

यामागे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्सचं वेळापत्रक आहे. खाऱ्या पाण्यातले 'पांढरे ठिपके' म्हणजे हा परजीवी. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत काही दिवस पोसला जातो, मग गळून तळाशी पडतो, बहुधा अंधारात. तिथे स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. कवच फुटलं की शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पोहू लागतात. पण गळून पडल्यापासून तीन दिवसांच्या आत ते सहसा फुटत नाही. त्याआधी मासा दुसऱ्या पाण्यात गेला, तर जे गळलं ते मागच्या टबात राहून उन्हात मरतं. चार बदल्या झाल्या की अंगावर चिकटून आलेल्यांची मुदत संपलेली असते. तांबं घालूनही हा परजीवी मरतो, पण या जातीच्या माशांना तांबं फार सोसत नाही. टब घासणं परवडलं.

बदलीसाठी जाळी वापरली नाही. एंजलफिशच्या गालाशी कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला काटा असतो आणि तो जाळीच्या धाग्यात अडकतो. सोडवताना काटा मोडतो, नाहीतर कातडी फाटते. प्लॅस्टिकचा पारदर्शक मग पाण्यात धरला, मुलाने चमच्याने हुसकावलं आणि मासा आपणहून आत आला. त्याच्याबरोबर जेमतेम वाटीभर पाणी गेलं.

१६ नोव्हेंबर
दुसरी बदली, आणि मध्ये गोड्या पाण्याचा डुबा. आरओचं पाणी, तापमान टबाइतकं, खायचा सोडा घालून पीएच ८.२ पर्यंत चढवलेला, आधीपासून हवा सोडलेली. मासा पाच मिनिटं त्यात. सुरुवातीला एका कुशीवर पडला. मुलगा घाबरून मग पुढे करू लागला. कल्ले चालू होते, म्हणून त्याला थांबवलं.

तिसऱ्या मिनिटाला भांड्याच्या तळाशी काही दिसलं. मासा काढल्यावर काळ्या प्लेटवर पाणी ओतून पाहिलं: तिळाएवढे पाचसहा पांढरे, चपटे कण. हे फ्लूक, म्हणजे कातडीला चिकटणारे कृमी. अंगावर असताना ते पारदर्शक असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुगतात, पांढऱ्या पडतात आणि पकड सुटते. दुकानात हा मासा स्वच्छ दिसत होता, खातही होता.

नव्या टबात प्राझिक्वांटेल घातलं. हे औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्याने दुसरी मात्रा. अंडी जुन्या टबात राहून गेली हा बदलीचा जास्तीचा फायदा. हवेचा दगड मोठा केला, कारण औषधाच्या पाण्यात प्राणवायू कमी पडू शकतो.

१८ नोव्हेंबर
खाल्लं! नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा पाइपला रबराने बांधला होता, दुपारी कडा कुरतडलेल्या दिसल्या. संध्याकाळी कोळणीकडे अर्धा वाटा कोळंबी मागितली तर म्हणाली, "एवढ्याशाचं काय व्हनार?" त्यातली दोन सोलून बारीक चिरून गोठवली, बाकीची रात्री आमच्या जेवणात.

उरलेलं अन्न लगेच नळीने ओढून काढलं. टबात गाळणी नाही. तीन दिवसांत अमोनिया चढू न देणं हे आता माझ्या हातात.

रात्री तासभर वीज गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून ठेवला होता, तो चालू झाला.

२२ नोव्हेंबर
शेवटची बदली. प्राझिक्वांटेलची दुसरी मात्रा. आता हा टब काही आठवडे तसाच राहील. हॉलमधल्या टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर त्यात बसवला, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू आयते मिळाले.

मुलाला वाटलं, संपलं. या पद्धतीने व्हेल्वेट किंवा ब्रुकलिनेला हे दुसरे परजीवी जात नाहीत, सांगितलं. पुढचं काम पाहायचं: श्वास, रंग, उजेड टाळतो का, खडबडीत कशावर अंग घासतो का.

२९ नोव्हेंबर
क्षारता १.०१९ वरून रोज थोडी वाढवते आहे. सागरी माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कमी मिठाच्या पाण्यात जाताना त्याचं हे काम हलकं होतं, वर चढताना वाढतं. म्हणून खाली येणं लवकर चालतं, वर जाणं हळू. उडालेल्या पाण्याऐवजी थोडं खारं पाणी घालायचं, एवढंच.

शेजारचे काका आले होते. "टाकीत पोवळी का नाहीत? व्हिडिओत असतात." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळ आले, समुद्रघोडेही. आपल्या समुद्रातलं जिवंत पोवळं काढणं, विकणं गुन्हा आहे. आमच्या टाकीत कोरडा दगड आणि सिरॅमिकच्या विटा. काकांचा चेहरा पडला.

६ डिसेंबर
आईंना तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण झाली. मरीन लाइन्सला ते १९५१ मध्ये सुरू झालं. लग्नाआधी त्या तिथे जायच्या. क्रिप्टोकॅरिऑनला हे नाव मिळालं तेही १९५१ मध्येच. मुलाने हे आजीला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिथल्या माशांना कोण टबात ठेवत होतं?" ठेवतही असतील, पडद्यामागे. तिकीट काढणाऱ्याला ते दिसत नाही.

मासा आता चादर बाजूला केली की पुढे येतो.

१५ डिसेंबर
क्षारता १.०२५. ठिपका नाही, श्वास शांत, पोट गोल. हॉलच्या टाकीत भोकं पाडलेला पारदर्शक डबा लटकवला आणि मासा त्यात सोडला. टबातलं पाणी एक थेंबही टाकीत नाही. दिवे बंद.

क्लाउनफिशची मादी, दोघांतली मोठी, डब्यावर धावून आली आणि काचेला नाक लावून ढुश्या देत राहिली. म्हणूनच हा डबा. रागावून थकायला तिला दोन-तीन दिवस लागतील.

१८ डिसेंबर
डबा काढला. मादीने एकदा पाठलाग केला आणि आपल्या कोपऱ्यात परत गेली. कोरल ब्यूटी दगडांच्या फटींतून शेवाळ टिपत फिरतो आहे.

१९ डिसेंबर
काका पुन्हा आले. "एका माशासाठी सव्वा महिना? काय दोन-अडीच हजारांचा असेल!"

मुलाने हिशेब मांडला. क्रिप्टोकॅरिऑन मोठ्या टाकीत शिरला असता, तर तांबं तिथे घालता आलं नसतं. दगड ते शोषून घेतात, गोगलगायी आणि खेकडे मरतात. सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागली असती, कारण तळातलं कवच कधीकधी तेवढा वेळही न फुटता राहतं. आणि तोवर क्लाउनफिश जगलेच असते असं नाही. ती जोडी हॅचरीत वाढलेली. मंडपमच्या सरकारी संशोधन केंद्राने या माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, तसल्याच पिल्लांतली. मुलगा पाचवीत असताना आणली होती. नीट सांभाळली तर ही जात दहा वर्षांहून जास्त जगते. म्हणजे हा सव्वा महिना नव्या माशाइतकाच त्या दोघांसाठीही होता.

काकांना हिशेब पटला नाही. आईंनी टब मागितले, पापडांच्या पिठाला हवेत म्हणे. औषधाचे टब स्वयंपाकाला मिळणार नाहीत, नवे आणून देते, म्हटलं. सम्पमध्ये नवा स्पंज टाकला, पुढच्या वेळी तयार असावा म्हणून. पुढची वेळ कधी, ते मुलानेच ठरवलं: बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर.